बाबांच्या तळहातावर मोडी

हजार वर्षांपूर्वीच्या जपानी दरबारातल्या बायकांच्या रोजनिश्या वाचण्यात माझी तीस वर्षं गेली. दिल्लीत शिकवलं, क्योतोत हस्तलिखितं चाळली. निवृत्त होऊन झाशीला, खंडेराव गेटजवळच्या घरी परतले, तर शेजारी विचारतात, "बहनजी, चीनी पढ़ाती थीं ना?" मी आता दुरुस्त करत बसत नाही.

बाबांनाही माझ्या विद्येचं कौतुक बेताचंच. "तिकडचं सगळं पढलीस, घरचं राहिलं," म्हणायचे. टोमणा खरा होता. आजोबांनी गुरसरायहून आजीला धाडलेली मोडी पत्रं ट्रंकेत होती आणि आजीनंतर मोडी येत होती फक्त बाबांना. निवृत्तीनंतर वाचू म्हणत त्यांनी ती ठेवून दिली. खरं तर भीत होते. मग काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. मीही पुढच्या सुट्टीत मोडी शिकेन म्हणत वीस सुट्ट्या घालवल्या. त्याचा मला अजून राग येतो.

बाबा आठवीत नापास झाले म्हणून आजोबांनी त्यांना छडीने झोडपलं, दुसऱ्या दिवशी कामावर गुरसरायला गेले आणि महिन्याभरात तिथेच वारले. सगळ्यात वरचं पत्र त्या महिन्यातलं. ते आपल्यावर रागावूनच गेले, हे बाबांनी सत्तर वर्षं मनात धरलं होतं. आजीला विचारलं की ती विषय बदलायची.

एका सकाळी मी ते पत्र घेऊन बसले. जुन्या जपानी लिखाणातही अक्षरं एकमेकांत गुंतलेली असतात. अडलं की आमचे सर ते वळण बोटाने तळहातावर गिरवायला लावत. मी बाबांचा हात ओढला आणि पहिलं वळण गिरवलं.

"उलटं काढतेस. माझ्या बाजूने काढ."

मी त्यांच्या शेजारी सरकले. ते एकेक अक्षर सांगू लागले, मी वहीत उतरवू लागले. मध्येच "हे काय, माशी चालली का?" म्हणून खेकसले. खुशालीच्या चार ओळींनाच दुपार झाली. बाबांना मागची अक्षरं लक्षात राहत नव्हती, म्हणून पाचवी ओळ पुरी झाल्यावर मी ती सलग वाचून दाखवली.

"मुलास मारिले, चुकले. घास जात नाही. त्यास सांगू नये."

 बाबांनी हात पुन्हा माझ्यापुढे धरला.

"'चुकले' तेवढं परत काढ, बेटा."