साखराबाईचा काळा गंज

"मावशी, काय काम करता?" असं कुणी विचारलं की साखराबाई ऐटीत सांगायची, "ग्यास धुते." ऐकणारा हसायचा. हसू दे, तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. वडवणीच्या अलीकडे एका साखर कारखान्याला लागून गॅसचा प्रकल्प होता. उसाचा रस गाळून जो गाळ उरतो त्यापासून तिथं गॅस तयार व्हायचा. पण तो गॅस जन्मतःच नासका. त्यात सडक्या अंड्यासारखा घाण मारणारा एक विषारी वायू असतो, तो यंत्राचं लोखंड खातो आणि माणसाचा तर जीवच घेतो. म्हणून गॅस आधी गंजलेल्या लोखंडी किसाच्या टाकीतून सोडायचा. गंज तो वायू धरून ठेवतो आणि तांबड्याचा काळाकुट्ट होतो. मग टाकी बंद करून, तिच्यातला गॅस घालवून, माणसं तो काळा गंज बाहेर काढायची आणि पुढचं साखराबाईकडे. प्रकल्पामागच्या उघड्या फरशीवर तो पातळ पसरायचा, पाणी शिंपडायचं, दाताळ्यानं खालीवर करायचा. हवा लागली की पुन्हा तांबडा, पुन्हा टाकीत.

"याला ताप येतो बरं का," असं ती नव्या माणसाला बजावायची. काळा गंज कोरडा पडला तर आपोआप तापतो आणि पेट घेतो. सहा वर्षांत तिनं तो एकदाही कोरडा पडू दिला नव्हता. तिच्या या कामावर एका पोरीची शाळा उभी होती. मुलगा हनुमान आणि सून उज्ज्वला दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. आजी कामाला असल्यामुळे सातवीतली सायली गावात राहायची. काम गेलं असतं तर आजीलाही कोयता घेऊन जावं लागलं असतं, आणि मग सायलीला ठेवणार कुणापाशी?

दिवाळीच्या आधी सायलीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. "आजे, तुझा गंज रंग बदलतो ते मी दाखवते की," ती म्हणाली. नातीनं आपल्या कामाचं नाव काढलं आणि साखराबाई विरघळली. शनिवारी सुटताना तिनं पिशवीभर काळा गंज जेवणाच्या डब्याखाली लपवून गेटबाहेर आणला. माल बाहेर नेला तर थेट घरी बसवायचं, असा तिथला नियम होता. वाटेत शेजारचा राधाकिशन भेटला आणि पिशवीत डोकावला.

"काय हो हे, मावशी?"

"खत हाय," साखराबाईच्या तोंडून निघून गेलं. "मिरच्याला लई भारी."

रविवारी दुपारी ओट्यावरच्या पिशवीतून धूर निघाला. नातीच्या कौतुकात ओलं फडकं टाकायचंसुद्धा ती विसरली होती. दुसऱ्यांना सहा वर्षं शिकवणारी बाई! तिनं घागर पालथी केली, स्वतःला चार शिव्या घातल्या, तेवढ्यात राधाकिशनची बायको विमलबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "आमच्या ह्यांनी रातीच तुमच्या कारखान्यामागच्या फरशीवरून तीन पोती भरून आणली बघा ते खत. गोठ्यात ठिवलीत, कडब्यावर."

 बादली घेऊन साखराबाई अनवाणीच धावली. पोत्यांना हात लावला तर चटका बसला, खालचा कडबा करपत होता, दोन बैल नि एक वासरू दाव्याला हिसके देत होते. आधी वासरू सोडलं, मग बैल, मग विमलबाई, राधाकिशन आणि ती अशा तिघांनी मिळून हौदातलं पाणी पोत्यांवर ओतलं. राधाकिशन घाम पुसत म्हणाला, "मावशी, ही गोष्ट आपल्यातच ऱ्हाऊ द्या. मी बी चोर, तुमी बी चोर."

"आजून कुणाला सांगितलंस?"

 राधाकिशननं अर्ध्या गल्लीला सांगितलं होतं.

रात्रभर साखराबाईचा डोळा लागला नाही. गप्प बसलं तर आणखी कुणाचा तरी गोठा जळेल, सांगितलं तर सायलीची शाळा जाईल. सकाळी ती सायलीला घेऊन प्रकल्पाच्या सोमेश्वर साहेबांपुढे उभी राहिली आणि पिशवीपासून गोठ्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

"लेखी द्या," साहेब एवढंच बोलले. त्यांचा चेहरा उतरला होता.

साखराबाईला अक्षर येत नव्हतं. तिनं सांगितलं, सायलीनं वहीच्या पानावर लिहिलं, आजीनं अंगठा केला. साहेब मोठ्यानं वाचू लागले. शेवटच्या ओळींशी मात्र त्यांचा आवाज बारीक झाला. "पिशवी मी मागितली होती. आजीला काढलं तर मला आईबरोबर उसावर जावं लागेल. तरी मी यात काही लपवलं नाही."

हे साखराबाईनं सांगितलंच नव्हतं. तिनं पोरीला जवळ ओढलं आणि साहेबांसमोरच रडायला लागली.

साहेबांनी कागदाची घडी केली. "मागच्या बाजूला कुंपण आधीच घालायला पाहिजे होतं, ती चूक आमची. तुमची चूक तुमच्या नावावर लिहून ठेवतो, पुन्हा झाली तर ऐकणार नाही. आत्ता माझ्याबरोबर गल्लीत चला. कुणी कुणी नेलंय ते शोधून ओलं करू. आणि हात तुमचा लागेल, मला यातलं तुमच्याइतकं कळत नाही."

दिवाळीनंतर टोळीचा ट्रक वेशीत लागला. उज्ज्वलानं सायलीला दहादा कुरवाळलं आणि डोळे पुसत वर चढली. हनुमान सात वर्षांचा असताना साखराबाईनं त्याला उचलून अशाच एका ट्रकमध्ये बसवलं होतं. मागं ठेवायला कुणी नव्हतं, त्याची शाळा पहिलीतच संपली. तो आज ट्रकच्या फळीला धरून उभा होता. ड्रायव्हर अजून चहा पीत होता, लेकीकडे बघायला वेळ होता, तरी तो म्हणाला, "आये, तिला घिऊन जा बरं. शाळा भरली आसंल."