मातीचे डोहाळे

"बाळ नाही. जंत आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि माझ्या हातातल्या नव्याकोऱ्या हिरव्या बांगड्या मलाच जड झाल्या.

सन साठ-बासष्टच्या सुमाराची ही गोष्ट. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या दवाखान्यात माझ्या शेजारी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बसल्या होत्या. लग्नाला बरीच वर्षं होऊनही आमच्या घरात पाळणा हलला नव्हता. त्यात पाळी थांबली, पोट फुगलं, चार पावलांत दम लागू लागला, आणि माती खावीशी वाटू लागली. एवढं सगळं जुळून आल्यावर शंका कोण घेणार? आत्याबाईंनी माझे डोहाळे हौसेनं पुरवले. वैनगंगेच्या काठची मऊ माती त्या स्वतः आणायच्या आणि तव्यावर भाजून मला द्यायच्या. वारासिवनीच्या नणंदेनं तर कोऱ्या मडक्याच्या खापऱ्या पाठवल्या. सुनेला माती चारणाऱ्या सासवा पुष्कळ असतील, पण इतक्या प्रेमानं चारणारी मला एकटीलाच मिळाली.

शौचाच्या तपासणीत हूकवर्म निघाला होता. हा आकड्यासारख्या तोंडाचा बारीक जंत. तो आतड्याला चिकटून रक्त पितो. रक्त आटलं की त्याला अ‍ॅनिमिया म्हणतात, आपला पंडुरोग. अंगातलं लोह संपलं की माती खावीशी वाटते, आणि पाळीही थांबू शकते. बाईंनी हे सगळं समजावलं, पण माझं लक्ष कुठे होतं? मी ढसाढसा रडत होते.

आत्याबाई रडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरगी वाचते ना, बाई?"

"वाचते. उशीर केला असता तर हृदयावर आलं असतं."

"मंग झालं. नातवाचं मागाहून पाहू."

त्या एका वाक्यानं मी निम्मी बरी झाले. आजही ते आठवलं की डोळे भरून येतात.

मला दवाखान्यात ठेवून घेतलं. अंगात जोर नव्हता म्हणून आधी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यांनी शौचाला काळं होतं. मी घाबरून गेले होते, तुम्ही घाबरू नका. थोडा रंग चढल्यावर जंताचं औषध आलं. ते उपाशीपोटी घ्यायचं, तेल-तूप वर्ज्य, आणि मागून जुलाबाचं पाणी. त्या दिवसाचं वर्णन करत नाही. कुणी जेवायच्या आधी वाचत असेल.

घरी सोडताना बाईंनी विचारलं की शौचाला बाहेर कुठे जाता. मी सांगितलं. आमची आळी म्हणजे राजेगावकडून, बैहरकडून पोटासाठी आलेल्यांची. वाटण्या होऊन शेत उरलं नव्हतं, म्हणून लोक राइस मिलवर कामाला येत. दर उन्हाळ्यात नवी झोपडी उठे, आणि उठे ती बाया बाहेर जात त्याच मोकळ्या जागेवर. शेवटी नाल्याकाठची एक पट्टी राहिली. मिलमध्ये धान उकडलेलं पाणी तिथेच वाहत येई, त्यामुळे भर वैशाखातही चिखल. आम्हा सगळ्याजणींच्या पायाच्या बोटांत बारमाही चिखल्या. आम्ही त्यांना हळद-तेल लावायचो.

"जंत तिथूनच शिरला, तळपायातून," बाई म्हणाल्या. "औषधानं आतले मेले. पण अनवाणी गेलीस तर नवे येतील." आणि औषधांच्या खाली त्यांनी लिहिलं, चप्पल.

चप्पल घेणं सोपं होतं, घालणं कठीण. आमच्यात सून सासऱ्यासमोरून चपला घालून जात नसे. आणि मामाजी, माझे सासरे, पहाटेपासून दारातच बाज टाकून विडी ओढत बसलेले. मी चपला पदराखाली दडवून नेऊ लागले. एका सकाळी त्यातली एक नेमकी त्यांच्यापुढेच पडली.

मामाजी माझ्याशी थेट कधीच बोलत नसत. त्यांनी उठून बाज भिंतीकडे फिरवली, पाठ करून बसले आणि घरात आत्याबाईंना हाक मारून म्हणाले, "तिले सांग, चपला घालून जा. मी काही तिकडं पाहूनच नाही राह्यलो."

मला हसू आवरेना. आळीत ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. माझ्यासारख्या पांढऱ्या पडलेल्या बाया घराघरात होत्या. त्याही तपासून आल्या, आणि त्यांच्या सासऱ्यांनीही बाजा फिरवल्या. रोज सकाळी आळीभर म्हातारे भिंतीकडे तोंड करून बसलेले, आणि मागून सुनांच्या चपला फटफट वाजत चाललेल्या. नवखा माणूस पाहून म्हणाला असता, एवढ्या म्हाताऱ्यांना शिक्षा कुणी केली? पुढे याच म्हाताऱ्यांनी मिलच्या मालकाला गाठून त्या पाण्याला वेगळी नाली काढायला लावली.

वर्षभरात माझी पाळी नियमित झाली, आणि मग पुन्हा चुकली. या खेपेला मला माती नको होती, चिंच हवी होती. आत्याबाईंनी चिंच हातात ठेवली आणि त्या दिवशी मात्र त्या पोटभर रडल्या.

मुलगी झाली. ती चालू लागली तसे मामाजी बाजारातून बोटभर चपला घेऊन आले. दुसऱ्या सकाळी ती चपला वाजवत अंगणात धावली. मामाजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. आवाज ऐकून त्यांना राहवेना. त्यांनी उठून बाज सरळ केली आणि नातीकडे बघत बसले. मी उंबऱ्यात थबकले, चपला हातात. त्यांनी मान वर केली आणि माझ्याशी पहिल्यांदा बोलले.

"तूही घाल, बाई. तुले पाहूनच शिकन ते."

मी चपला पायात घातल्या आणि त्यांच्या समोरून चालत गेले.