शेजारणीचं दुसरं ताट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सिंधी पापड भाजल्याचा वास आला, की मला उल्हासनगरच्या कॅम्पातली आमची बराक आठवते. गोणपाटाच्या पडद्यापलीकडची सिंधी शेजारीण फाळणीत तिकडे सिंधमध्येच राहून गेलेल्या नवऱ्यासाठी रोज ताट वाढायची. त्यावरच मी माझी पहिली भुताची कथा लिहिली: मेलेला नवरा जेवायला येतो. कथा छापून आली, तेव्हा तिनं हसत विचारलं, “भाई, मेरे ऊपर लिखा? वो आता है ना उसमें?” “आता है,” मी म्हणालो. मेलेला येतो, हे मात्र बोललो नाही. “तो आज ये थाली तू खा,” म्हणत तिनं मला त्याच ताटावर बसवलं, आणि मी जेवलो. पुढं भयकथांवरच माझा संसार चालला. तिचा नवरा जिवंत घरी परततो, अशी एक कथा मी तिला देणं लागतो, ती लिहिणारच.