निळी तार, काळी तार

"आधी मेन बंद, मग तोंड बंद, मग काम."

बबनराव एवढं म्हणायचे आणि पेचकस हातात घ्यायचे. बोलणाऱ्याचा हात चुकतो, असं त्यांचं मत होतं.

पुलगावजवळच्या आमच्या गावातून ते वायरमन होऊन दिल्लीला गेले आणि सरकारी वसाहतींच्या भिंतींत तारा ओढता ओढता त्यांची हयात गेली. लाल, पिवळी, निळी या फेजच्या तारा. काळी न्यूट्रल. हिरवी अर्थिंगची. हे रंग त्यांच्या बोटांत मुरले होते. चौदा एप्रिलला बुद्धविहाराची रोषणाई त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत. माळा पेटल्या की त्यांची बायको कौसल्या लांब उभी राहून बघायची आणि म्हणायची, "चला आता घरी. स्वतःच्याच दिव्यांकडे किती बघाल!"

कौसल्या गेली, क्वार्टर सुटलं, आणि बबनराव नोएडाला अतुलकडे, मुलाकडे, राहायला आले. उंच सोसायटी, गुळगुळीत घर. सून उन्नती बोलायला मऊ. पण त्या घरात पंखा जरी कुरकुरला, तरी मोबाइलवरून माणूस बोलावत. बबनरावांची हत्यारांची पिशवी पलंगाखाली पडून होती. ते अधूनमधून ती उघडत, पक्कड पुसत आणि पुन्हा ठेवून देत.

डिसेंबरात घरात बाळ आलं. अतुलने त्याच्या खोलीसाठी नवा एसी घेतला, उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम हवा देणारा. कंपनीचा धीरज आला. त्याने आतलं यंत्र भिंतीवर बसवलं, बाहेरचं बाल्कनीत ठेवलं, पाइप जोडले, तारांचं आतलं टोक जोडलं. बाहेरचं टोक जोडायचं राहिलं, तेवढ्यात त्याला दुसरीकडून फोन आला.

"कल आता हूँ, अंकल. हाथ मत लगाना," म्हणून तो गेला.

दुपारीच धुकं उतरलं. बाळाच्या छातीत घरघर सुरू झाली. अतुल ऑफिसात होता. उन्नती बाळाला शालीत गुंडाळून सासऱ्यांच्या दाराशी आली.

"बाबा, तेवढ्या तारा तुम्हाला जोडता येतील ना?"

त्या घरात पहिल्यांदा त्यांना कोणी असं विचारत होतं. बबनराव ताठ उठले. पलंगाखालून पिशवी ओढली.

"अगं, हा काय प्रश्न झाला!"

मेन बंद केला. तोंड बंद केलं. बाहेरच्या यंत्राचं झाकण काढलं. झाकणाच्या आत जोडणीचा नकाशा चिकटवलेला होता. तो त्यांनी पाहिला नाही. जन्मभर रंग वाचणाऱ्याला कागद कशाला? आधी हिरवी-पिवळी तार अर्थिंगला लावली, नीट आवळली. तपकिरी म्हणजे लालचीच बहीण, ती फेजला. काळी न्यूट्रलला, कायम लावत आले तशी. उरली निळी, ती उरलेल्या जागी.

नव्या तारांत मात्र निळीच न्यूट्रल असते. आणि काळीतून आतलं यंत्र बाहेरच्या यंत्राशी बोलतं.

मेन चालू केला. बाहेरून खट्ट असा आवाज आला. मग जळका वास. मग काहीच नाही. उन्नती बाळाला छातीशी धरून दारात उभी होती. बबनरावांनी मेन पुन्हा बंद केला आणि पिशवीतली पक्कड पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी अतुल घरीच थांबला. धीरजने झाकण उघडलं आणि मोठ्याने हसला.

"सर, ये किस महापुरुष ने जोड़ा? पूरा बोर्ड उड़ा दिया! ये एसी है, दिवाली के बल्बों की झालर थोड़ी है!"

बबनराव त्याच्यासाठी चहाचा कप घेऊन तिथेच उभे होते. चूक सांगायला त्यांनी तोंड उघडलं. त्याआधीच अतुल बोलला.

"गेट पे एक मिस्त्री बैठता है. उसी को बुला लिया था."

"ऐसे लोगों को घर में मत घुसने दिया करो, सर."

उन्नतीने नवऱ्याकडे पाहिलं. तारा जोडायला कोणी सांगितलं, हे तिने त्याला अजून सांगितलं नव्हतं. ती आत वळली. बबनरावांनी कप कठड्यावर ठेवला.

बाहेरच्या यंत्रात नवा बोर्ड बसला, खोली उबदार झाली, धीरज गेला. मग अतुल म्हणाला, "बाबा, राग नका मानू यार. तुमचीच लाज राखली मी."

"बोर्ड मी जाळला. ते सांगायला मी उभा होतो ना तिथे?"

"त्याच्यासमोर काय सांगणार होतात? वडिलांनी केलं म्हणून? कसं दिसलं असतं ते?"

"चूक होती रे, अतुल. लाज तू आणलीस."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली, मफलर गुंडाळला, बूट चढवले.

"आता कुठे निघालात?"

"गेटवर. तिथला मिस्त्री आहे ना मी."

"बाबा, टोमणे पुरे हं!" अतुल म्हणाला आणि वाजणाऱ्या फोनकडे वळला.

उन्नती बाळाला खांद्यावर घेऊन बाल्कनीत आली. आतल्या खोलीत ऊब होती. बाहेरच्या यंत्राचा पंखा तिच्या पायांवर गार वारा फेकत होता. खाली बबनराव गेटपाशी पोचले. पहारेकरी उठला आणि त्यांना काहीतरी विचारू लागला. ते थांबले नाहीत, गेटवर बसलेही नाहीत. धुक्यातून मेट्रोच्या रस्त्याला लागले. उन्नतीने हाक मारायला श्वास घेतला, आणि बाळ जागं होईल म्हणून तो तसाच सोडला. मफलर दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली.