‘दुसऱ्यांचं’ नावाचं फोल्डर

पत्नी मंगळवारी दुपारी वारली. ती भामरागडला गणित शिकवायची, मी गोंडपिपरीला मराठी. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की भामरागडचा रस्ता बंद व्हायचा आणि शनिवारी निघालेला मी अर्ध्या वाटेवरून परत यायचो. या माझ्या फेऱ्यांना कंटाळून तिने एक प्रोग्राम लिहिला. वरच्या भागातल्या पावसाचे आकडे भरायचे. तो आलेख काढायचा आणि खाली उत्तर द्यायचा, ‘ये’ किंवा ‘नको येऊ’. संसारात तिने मला इतकं स्पष्ट क्वचितच काही सांगितलं असेल.

तेरवीनंतर तिची मोठी बहीण म्हणाली, “गेलेल्या माणसाचं उसनं घरात ठेवाचं नसते, भाऊजी. ज्याचं त्याले देऊन टाका.”

शेजारणीचा खलबत्ता गेला, शाळेची पुस्तकं गेली. मी शिकलेला माणूस, काम अर्धवट सोडत नाही. तिचा कॉम्प्युटर मी गोंडपिपरीला आणला होता. त्यावर ‘दुसऱ्यांचं’ नावाचं एक फोल्डर होतं. आत परदेशी माणसांनी लिहिलेलं काहीबाही, वर त्यांची नावं. परत कुणाला करणार? पुसून टाकलं. तिने स्वतः लिहिलेलं तेवढं जपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम उघडेना. तिच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंना फोन करून काय पुसलं ते सांगितलं.

“सर, ते फोल्डर म्हणजे प्रोग्रामची लायब्ररी होती. काऊन उडवली?”

“ती तिने लिहिलेली नव्हती.”

“म्हणून तं लागत होती! आलेख काढाचं काम मॅडमनं त्या लोकायच्या भरवशावर सोडलं होतं. आता नवी उतरवा अन् पुन्हा कंपाइल करा. म्हणजे मॅडमचं अन् त्यायचं जोडून प्रोग्राम नव्यानं बांधून घ्या.”

नवी लायब्ररी आली. तिला आणखी एक लागत होती, त्या दुसरीला तिसरी. वडशाहून कंपनीचं नाटक गावात बोलवावं, नायिका नागपूरहून यायची असावी आणि ती येईपर्यंत पडदा वर जाऊ नये, तसं. सगळी मंडळी जमली, तरी काम एका ओळीवर अडलं. आलेख काढण्याच्या आज्ञेचं नाव नव्या लायब्ररीत बदललं होतं; तिच्या ओळीत जुनंच होतं. त्या ओळीच्या वर तिने लिहून ठेवलं होतं: ‘हे काऊन चालते मले मालूम नाई. पण चालते. हात लावू नको.’

मुलांच्या निबंधांवर आयुष्यभर लाल शाई चालवली. इथे हात उचलेना. काही दिवस ती ओळ तशीच राहू दिली. अक्षर अन् अक्षर तिचं, आणि प्रोग्राम मुका. शेवटी एक शब्द बदलला.

प्रोग्राम चालला. हिवाळा होता. पावसाच्या सगळ्या रकान्यांत शून्य भरलं. उत्तर आलं: ‘ये.’

रस्ता मोकळा होता. मी गेलो नाही. प्रोग्राम अजून चालतो. त्यातला एक शब्द माझा आहे. बाकी तिचं आणि दुसऱ्यांचं.