तिसरा अर्ज

आमच्या दवाखान्यात मी पेशंटचे नंबर लावते, आणि मागच्या खोलीत ती दात बनवायची. सगळे तिला दातवालीच म्हणत. डॉक्टर माप पाठवायचे, ती प्लास्टरचा साचा ओतायची, मेण कोरून दाताला आकार द्यायची, मग त्यावरून कॅप तयार करायची. साचा सुकायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात मी चहा पिऊन घ्यायचे आणि ती कोरियन शब्द पाठ करायची. अशी दोन वर्षं.

कॅपसाठी जी चिनीमाती आम्ही विकत घ्यायचो ती बनते कशी, हे तिला शिकायचं होतं. तो अभ्यासक्रम तिला कोरियाच्या विद्यापीठांत सापडला. तिने तीन अर्ज केले. पहिल्या विद्यापीठाने वय विचारात घेऊन नम्रपणे नकार दिला. दुसऱ्याने नम्रपणाही दाखवला नाही. तिसऱ्याचा निरोप आला: कागद अपुरे आहेत, नऊ दिवसांत पूर्ण करा. अर्जदार आणि आईवडील, तिघंही कोरियाचे नागरिक नसल्याचा पुरावा हवा होता. म्हणजे वडिलांच्या ओळखपत्राची नोटरी केलेली प्रत आणि त्यांची सही.

तिचे वडील ती बारा वर्षांची असताना घर सोडून गेले होते. कागदोपत्री फारकत झालेलीच नव्हती, त्यामुळे फक्त आईच्या कागदांवर भागवायची पळवाटही नव्हती.

"त्या माणसाच्या दारात जाऊ नकोस," आई म्हणाली. "नाही गेलीस कोरियाला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"आभाळ नाही कोसळणार, आई. मी आहे तिथेच राहीन, एवढंच."

दुसऱ्या दिवशी आईनेच आत्याकडून पत्ता मिळवून दिला. वर मला म्हणाली, "तू जा हिच्याबरोबर. एकटी गेली तर भांडून रिकाम्या हाताने परत येईल."

बसने चार तास लागले. वडील एका लाकडाच्या वखारीत राखणदार होते. फाटकाजवळच्या खोलीत स्टुलावर बसून चपलेचा पट्टा शिवत होते. त्यांनी तिला ओळखलं नाही. मलाच विचारलं, "कोण पाहिजे?"

तिने नाव सांगितलं. त्यांच्या हातातली सुई तशीच राहिली.

"बस," ते म्हणाले. बसायला दुसरं काही नव्हतं.

"बसायला आले नाही," ती म्हणाली. "आणि माफ करायलाही आले नाही. मला शिकायला कोरियाला जायचंय. त्यासाठी तुमचं ओळखपत्र आणि एक सही लागते."

मला वाटलं, झालं, आता बिनसलं. पण ते उठले, पत्र्याच्या पेटीतून ओळखपत्र काढलं आणि शर्टाला पुसलं. "कुठे म्हणालीस?"

"कोरिया."

"लांब आहे का?"

"आहे."

"मग चल, नोटरी दोनला उठतो."

नोटरीने चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "नातं काय?" वडील तिच्याकडे बघत राहिले. स्वतःहून सांगायचा हक्क आपल्याला आहे की नाही, हेच जणू त्यांना उमगत नव्हतं.

"वडील आहेत माझे," ती म्हणाली. "शिक्का जरा स्पष्ट उमटवा. परदेशात वाचायचाय."

परतीच्या बसमध्ये तिने कागद पिशवीत नीट ठेवले. मग वही काढून मला म्हणाली, "यातले मुलाखतीचे प्रश्न विचार, मराठीत लिहिलेत. अडखळले की थांबव."

मुलाखत संगणकावर झाली, दवाखान्यातच. डॉक्टरांनी त्या सकाळी एकही दात उपटला नाही, कुणी किंचाळायला नको म्हणून. काय बोलणं झालं ते तिने मला नंतर सांगितलं. प्राध्यापिकेने विचारलं, सत्ताविसाव्या वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात बसणार का? उत्तर देताना दातवाली मधेच अडखळली. "माफ करा, वाक्य पुन्हा पहिल्यापासून बोलते," म्हणाली, आणि बोलली. मला तेव्हा कोरियनमधलं कळलं काहीच नाही. पण या वेळी ती कुठेही थांबली नाही.

तीन आठवड्यांनी प्रवेशपत्र आलं. तिची आई हसत-रडत शेजाऱ्यांना सांगत सुटली, "दात कोरता कोरता पोरगी कोरियाला निघाली!"

रात्री जेवताना आईने विचारलं, "त्यांना कळवलंस?"

"नाही अजून."

"कळव," आई म्हणाली आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला.

तिने कळवलं. विमानतळावर ते आले नाहीत, तिने बोलावलंही नव्हतं. आता तिचं दुसरं वर्ष चालू आहे. पहिल्या सत्रात ती एका विषयात नापास झाली, तो तिने पुन्हा देऊन सोडवला. हे तिने मला फोनवर सांगितलं, पहिल्या नंबराने पास झाल्यासारख्या आवाजात.