उरलेला बार

उत्तरेश्वरला आवाज सोसत नाही, असं गावानं ठरवून टाकलं होतं. ठरवलं ते मायेनं, आणि मायेनं ठरवलेल्या गोष्टीला आडवं कोण जाणार? त्याच्या बायकोनं, सरुबाईनं, गाईच्या गळ्यातली घंटा काढून ठेवली. दिवाळीत त्याच्या गल्लीत फटाका वाजवायची बंदी झाली. तेरखेड्याचे फटाके घरोघरी येणाऱ्या गावात पोरांना ही केवढी शिक्षा! लग्नाची वरात त्याच्या दारावरून निघाली की हलगीवाले काड्या थांबवून चोरासारखे पुढं सटकायचे. बाया त्याला बघून कुजबुजत बोलायच्या. एवढी शांतता तर गावानं कुणाच्या मयतालाही पाळली नसेल.

आणि तीच शांतता त्याला खात होती.

दुष्काळात गावोगाव विहिरी खोल करायची कामं निघाली, तेव्हा उत्तरेश्वर आणि सिदू ही जोडी खडक फोडायची. सिदू सुरुंगाच्या वाती पेटवून दोराला धरून वर यायचा आणि उत्तरेश्वर काठावर बसून बार मोजायचा. जेवढ्या वाती, तेवढे बार ऐकू आले की हाळी द्यायची, "झाले समदे, उतर!" एक जरी कमी भरला तरी खाली पाय ठेवायचा नाही, हा त्या कामातला कायदा. त्या दिवशी पाच वाती पेटवल्या होत्या. उत्तरेश्वरनं पाच आवाज मोजले. त्यातला एक खडकाचा पडसाद होता. त्यानं हाळी दिली, सिदू खाली उतरला आणि राहिलेला बार उडाला.

गावानं उत्तरेश्वरला बोल लावला नाही. पडसाद कुणालाही फसवतो, असंच सगळे म्हणाले. पण त्या दिवसापासून कुठं काही धाडकन वाजलं की तो दचकायचा आणि मग खांबासारखा उभा राहायचा. लोकांना त्याचं दचकणं तेवढं दिसलं. त्यानंतर तो काय करत होता, हे कुणी विचारलंच नाही. हळूहळू तो उसाच्या रानातल्या खोपीत राहायला गेला. दिवसभर उसाला पाणी द्यायचं, सरुबाईनं बांधावर ठेवलेली भाकरी खायची. सिदूची बायको कडूबाई त्याच्या घराच्याच गल्लीत राहायची, म्हणून गल्लीचं तोंड बघायचं नाही. अशी आठ वर्षं गेली. आठ वर्षं माणूस माणसांत नव्हता, आणि आपण त्याला जपतोय म्हणून गाव स्वतःवर खूश होतं!

एकदा वाटेवर ट्रॅक्टरचं टायर फुटलं. उत्तरेश्वर हातातलं खोरं तसंच धरून उभा राहिला. पाणी पाटाचं दारं फोडून शेजारच्या रानात शिरलं, दिवस कलला, तरी हा जागचा हलेना. त्याचा मेव्हणा आबाराव ढोकीच्या साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा. त्यानं दुसऱ्याच दिवशी त्याला सोलापूरला नेलं. "येड्यांच्या डॉक्टरकडं?" सरुबाई रडायला लागली. "अक्का, गप खोपीत सडण्यापरीस ते बरं," आबाराव म्हणाला.

डॉक्टर शरणबसप्पा कानडी हेल काढून मराठी बोलायचे. त्यांनी आधी नाडी बघितली, चहा मागवला आणि मग विचारलं, "आवाज झाला की काय होतं तुम्हाला?"

"आवाजाचं काय न्हाय, सायेब. आवाज बरा."

"मग?"

"आवाज झाल्यावर गप होतं ना समदं... तवा मी वाट बघतो. एक राहिलाय."

डॉक्टरांनी चहाचा कप बाजूला ठेवला. मग ते म्हणाले, "तुमच्या मनात तो दिवस संपलेलाच नाही. संपवायचा असेल तर पहिल्यापासून सांगावा लागेल. आज नाही जमलं, पुढच्या खेपेला."

आबाराव त्याला नेत राहिला. पहिल्या कितीतरी खेपांना उत्तरेश्वर हाळीपर्यंत यायचा आणि त्याची बोबडी वळायची. डॉक्टर म्हणायचे, "पाय जमिनीला लागलेत का बघा. तुम्ही सोलापुरात आहात, विहिरीवर नाही." एके दिवशी तो न थांबता बोलत गेला. राहिलेला बार उडाला, धूर आला, लोक धावले, सिदूला वर काढलं, अंगावर धोतर टाकलं. सगळं सांगून झाल्यावर तो लहान पोरासारखा हमसून रडला. परत जाताना एसटीत त्याला झोप लागली आणि आबारावला त्याचं एवढं नवल वाटलं, की त्यानं खांदा अवघडला तरी हलवला नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "हे माझ्याशिवाय आणखी कुणाला सांगावंसं वाटतं?"

त्याला उत्तर ठाऊक होतं, आणि त्याच उत्तराची भीती वाटत होती. कडूबाईनं दार लावून घेतलं, तर पुन्हा खोपी होतीच. आणि यावेळी तो तिथून परत आला नसता.

भर दुपारी तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला. कडूबाई अंगणात तूर पाखडत होती. सूप हातात तसंच राहिलं.

"वैनी, सिदूचं सांगायचं हाय. हाळी म्या दिली हुती."

"ठावं हाय मला. समद्या गावाला ठावं हाय." तिनं सूप खाली ठेवलं. "पर भावजी, आठ वर्सांत त्येंचं नाव कुणी घेतलं न्हाय माज्यापुढं. माणूस हुता का न्हवता, असं झालंय. मला वाईट वाटंल म्हणून समदे गप. मीबी गप."

उत्तरेश्वर दारातच उभा होता. तिनंच पटकुरावरची तूर बाजूला सारून जागा केली.

"बसा. उतरायच्या आधी काय बोलले?"

"भाकरी सोडून ठेव म्हणला. आलोच."

"भाकरीसंगं कोरड्यास काय हुतं, तुमी इचारलं का?"

"इचारलं. कारळ्याची चटणी हाय म्हणला अन् हसला. म्हणला, कडूनं आज तेल जरा जास्तीच घातलंय."

कडूबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते कळत नव्हतं.

"व्हय, घातलं हुतं," ती म्हणाली. "आनी काय म्हणले?"